लाकूडतोडीची यंत्रे आणि तोडणारी माणसे

गणपती आठ दिवसांवर आले की आमच्या घरी माळ्यावरून मखर खाली उतरते. आजोबांनी करून घेतलेले सागवानी मखर आहे. त्याला दरवर्षी तेलाचा हात द्यायचा, सैल झालेल्या खुंट्या ठोकून बसवायच्या आणि फणसाच्या लाकडाचा चौरंग पुसून समोर ठेवायचा, हे काम लहानपणापासून माझ्याकडे. मखर कोणत्या सुताराने केले, त्याने मजुरी किती घेतली, नक्षीला किती दिवस लागले, हे सगळे आजीच्या तोंडून ऐकलेले. ज्या झाडाचे ते मखर झाले ते झाड कोणी पाडले, हे मात्र आजीलाही ठाऊक नव्हते.

माझे वडील खानापूर तालुक्यातील एका लाकडाच्या वखारीत कारकून होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जात असे. टेबलावर लांबरुंद वही उघडी असायची. तिच्यात रकाने होते : झाडाची जात, लांबी, घेर, घनफूट, गाडी नंबर. एके दुपारी ट्रकवर ओंडका चढवताना दोर तुटला आणि एका हमालाचा पाय गुडघ्याखाली चेचला गेला. त्याला बैलगाडीतून दवाखान्यात नेले. पाय काही वाचला नाही. संध्याकाळी वडिलांनी वहीत लिहिले, "गाडी अपुरी भरली." मी विचारले, त्या माणसाचे का नाही लिहिले? ते म्हणाले, "त्याला रकाना नाही."

निवृत्तीनंतर मी लाकूडतोडीच्या यंत्रांचा इतिहास वाचायला घेतला, तो या एका वाक्यामुळे. जगात हा रकाना कुठे, कधी आणि कशामुळे आला, हे मला पाहायचे होते. यंत्रांनी केलेल्या लाकूडतोडीच्या सर्वांत तपशीलवार नोंदी अमेरिका-कॅनडाचा पश्चिम किनारा, स्वीडन आणि जपान येथे सापडतात. म्हणून आधी तिकडची हकिकत सांगतो आणि शेवटी आपल्या रानात परत येतो.

बैलांच्या जागी वाफ

कॅलिफोर्नियापासून ब्रिटिश कोलंबियापर्यंतच्या किनाऱ्यावर प्रचंड वृक्षांची जंगले होती. तिथले रेडवूड शंभर मीटरच्याही वर जाते. असे झाड दोन माणसे कुऱ्हाडीने आणि लांब करवतीने पाडत. खरी अडचण त्यापुढे सुरू होई. एवढा ओंडका नदीपर्यंत किंवा रुळांपर्यंत न्यायचा कसा? जंगलात आडव्या लाकडांची वाट घालत, तिच्यावर तेल-चरबी ओतत आणि बैलांच्या लांबच लांब जोड्या जुंपून ओंडके ओढत. बैल थकला की थांबतो, आणि बैल थांबला की माणसालाही दम घ्यायला मिळतो.

१८८१ साली कॅलिफोर्नियातील युरेका गावच्या जॉन डॉल्बियर या गिरणीमालकाने वाफेचे एक ओढयंत्र तयार केले आणि पुढच्या वर्षी त्याचे पेटंट घेतले. उभा बॉयलर, एक इंजिन आणि दोर गुंडाळणारे रहाट, एवढाच त्याचा पसारा. लोक त्याला 'डाँकी', म्हणजे गाढव म्हणत. सुरुवातीला त्याला साधा दोर असे, पुढे पोलादी वायर रोप आला. मग जंगलातल्या एका उंच झाडाचा शेंडा छाटून त्याचाच खांब करू लागले. त्याच्या टोकाला कप्पी बांधायची आणि तिच्यावरून वायर रोप घेऊन ओंडके अर्धे उचलून ओढायचे. ओंडका आता बुंध्यांना न अडखळता वेगाने येऊ लागला. जे काम दिवसाचे होते ते तासावर आले.

या वेगाबरोबर मृत्यूही नव्या तऱ्हेचे आले. ताणलेला वायर रोप वळणावरून जात असेल तर तो सुटताच सरळ रेषेत यायला बघतो. वळणाच्या आतल्या बाजूला उभा असलेला माणूस त्या झटक्यात सापडतो. 'तारेच्या वळणाच्या आत उभे राहू नये' हा तिथल्या तोडकऱ्यांचा पहिला नियम झाला, आणि तो आजही नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात. शेंडा छाटायला चढणारा गडी कमरेला दोर आणि पायांना काटे बांधून वर जाई. स्वतःच्याच कुऱ्हाडीचा घाव चुकून दोरावर बसला तर खाली कोसळण्याची भीती, म्हणून त्या दोराच्या पोटात पोलादी तार घालू लागले. ही सुधारणा कोणत्या प्रयोगशाळेत झाली नव्हती.

आणखी एक अडचण होती. इंजिन चालवणारा आणि ओंडक्याला फास लावणारा यांच्यात शेकडो फुटांचे अंतर, मध्ये झाडी आणि इंजिनाचा गोंगाट. वरच्याला खालचा दिसत नाही आणि हाकही ऐकू येत नाही. फास लावणारा बाजूला झाला की नाही, हे कळल्याशिवाय ओढायचे कसे? यासाठी एक पोरगा नेमत. तो दोघांच्या मध्ये अशा जागी उभा राही की त्याला फास लावणारी टोळी दिसावी. इंजिनाच्या शिट्टीला बांधलेली लांब तार त्याच्या हातात असे. टोळीने खूण केली की ठरलेल्या संख्येने तो शिट्ट्या वाजवी. ओढा, थांबा, सैल सोडा, माणूस जखमी झाला, प्रत्येकाची शिट्टी वेगळी. कित्येक मोठ्या माणसांचा जीव त्या पोराच्या लक्षावर टांगलेला असे. पुढे विजेची शिट्टी आली, मग रेडिओवर चालणारी आली आणि पोरगा गेला. शिट्ट्यांची भाषा मात्र टिकली.

मृत्यू हिशेबात आला

इतके होऊनही जखमी झालेल्याचे पुढे काय, हा प्रश्न होताच. त्या काळच्या कायद्याप्रमाणे कामगाराने मालकावर दावा लावायचा आणि चूक मालकाचीच होती हे कोर्टात सिद्ध करायचे. मालकाचा वकील म्हणे, धोका ठाऊक असून तो कामावर आला. किंवा चूक त्याच्या सोबत्याची होती. दावा बहुधा तिथेच संपे.

१९११ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने कायदा करून हा मार्ग बदलला. चूक कोणाची हा प्रश्नच बाजूला ठेवला. प्रत्येक मालकाने सरकारी निधीत पैसे भरायचे आणि जखमी कामगाराला किंवा त्याच्या विधवेला त्यातून ठरलेली भरपाई मिळायची. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात असाच कायदा १ जानेवारी १९१७ पासून लागू झाला.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की, निधीत किती भरायचे हे धंद्यातील धोक्यावर ठरे. लाकूडतोडीचा दर कारकुनी कामाच्या दरापेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळे प्रत्येक अपघाताची नोंद ठेवणे भाग पडले. कोणत्या कामात, कोणत्या यंत्रावर, दिवसाच्या कोणत्या वेळी माणसे जखमी होतात याचे तक्ते तयार होऊ लागले. माझ्या वडिलांच्या वहीत नसलेला रकाना तिकडे असा उघडला गेला. दयामाया हे त्याचे कारण असेलही, पण जखमेचा खर्च मालकाच्या जमाखर्चात दिसू लागला, हे मोठे कारण होते.

पाठीवरचे यंत्र

विसाव्या शतकाच्या मध्यावर साखळी करवत, म्हणजे आपल्याकडची 'चेन सॉ', जंगलात शिरली. जर्मनीच्या आंद्रेआस श्टील याने १९२६ साली विजेवर चालणारी आणि १९२९ साली पेट्रोलवर चालणारी करवत बनवली. पेट्रोलच्या करवतीचे वजन सुमारे ४६ किलो होते आणि ती उचलायला दोन माणसे लागत. तिचे दात मात्र जुन्या करवतीसारखेच होते, ते लवकर बोथट होत आणि भुशाने भरून जात. १९४६ साली अमेरिकेतील ओरेगनच्या जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने एका बुंध्यात लाकूड कुरतडणारी भुंग्याची अळी पाहिली. ती डावीउजवीकडे जबडा चालवत लाकडातून सहज वाट काढत होती. तिच्या जबड्याच्या घाटावर त्याने साखळीचे दात घडवले आणि १९४७ पासून ती साखळी विकायला काढली. आजच्या साखळ्या त्याच वंशातल्या आहेत. १९५० पर्यंत एका माणसाला चालवता येईल अशी करवत बाजारात आली.

दोन माणसांचे दिवसभराचे काम एक माणूस तासाभरात करू लागला. पण साखळीला चेहरा आणि लाकूड यांतला फरक कळत नाही. करवतीच्या पट्टीच्या टोकाचा वरचा भाग चुकून फांदीला किंवा शेजारच्या ओंडक्याला लागला, तर सबंध करवत पापणी लवायच्या आत वर आणि मागे, म्हणजे चालवणाऱ्याच्या मानेकडे उसळते. माणूस कितीही कसलेला असो, हात आवरायला वेळच उरत नाही. यावर उपाय आला तो १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला : साखळीचा ब्रेक. पुढच्या मुठीसमोर एक आडवी ढाल असते. करवत उसळली की मनगट तिच्यावर आपटते, ढाल पुढे ढकलली जाते आणि साखळी जागच्या जागी थांबते. म्हणजे करवत जंगलभर पसरल्यानंतर वीस वर्षांनी तिला ब्रेक लागला.

दुसरा धोका हळू चालणारा होता. १९५४ च्या सप्टेंबरात जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावर मोठे वादळ झाले आणि जंगलेच्या जंगले आडवी झाली. पडलेली झाडे कुजायच्या आत उचलण्यासाठी सरकारी वनखात्याने साखळी करवती मोठ्या प्रमाणावर आणल्या. काही वर्षांत कामगारांची बोटे थंडीत मेणासारखी पांढरी पडू लागली. आधी मुंग्या, मग बधिरपणा, मग रात्रीची ठणक. करवतीच्या थरथरीने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू निकामी होत होते. जपानी भाषेत या रोगाला 'पांढऱ्या मेणाचा रोग' अशा अर्थाचे नाव पडले. कामगार संघटनांनी तो प्रश्न लावून धरला आणि १९६० च्या दशकाच्या मध्यावर हा कामामुळे होणारा रोग म्हणून मान्य झाला. पुढे सरकारी जंगलात एका माणसाने दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त करवत चालवू नये असे बंधन आले. याच सुमारास कंपन्यांनी मुठी आणि इंजिन यांच्यामध्ये रबर व स्प्रिंगा घालून थरथर कमी केली.

उक्ते आणि रोजंदारी

यंत्र सुधारले, हातमोजे, शिरस्त्राण आणि कानांचे झाकण आले, पायांसाठी खास विजारी आल्या. त्या विजारींत लांब धाग्यांचे थर असतात. साखळी लागताच धागे ओढले जाऊन तिच्या चाकात गुंततात आणि ती अडकून थांबते. तरीही अपघात अपेक्षेइतके कमी होईनात. का, याचे उत्तर स्वीडनमध्ये मिळाले.

स्वीडनचा लाकूडतोड्या उक्त्यावर काम करी. जितकी झाडे, तितके पैसे. हातमोजे काढून घालण्यात, एखाद्या झाडात अडकून लटकलेले झाड नीट सोडवण्यात किंवा पळायची वाट आधी साफ करण्यात गेलेले प्रत्येक मिनिट त्याच्या स्वतःच्या खिशातून जाई. नियम त्याला पाठ होते. ते पाळले की चूल थंडावत असे, एवढेच. १९७५ च्या वसंतात हजारो स्वीडिश जंगल कामगारांनी संप केला. स्वतःच्या संघटनेच्या नेत्यांचीही परवानगी त्यांनी घेतली नव्हती. मागणी होती, उक्ते बंद करा, महिन्याचा पगार द्या. पुढच्या काळात बऱ्याच ठिकाणी वेतनाची पद्धत बदलली. तेव्हा अभ्यासकांना असे दिसले की, जंगल तेच, माणसे तीच, करवती त्याच, पण अपघात घटले, आणि गंभीर अपघात विशेष घटले. उत्पादनही काहीसे उतरले. आधीचे ते जादा उत्पादन कशाच्या मोबदल्यात होत होते, हे यावरून उघड झाले.

याच देशाने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरवर मजबूत चौकट असलेली केबिन सक्तीची केली होती. उतारावर ट्रॅक्टर उलटला तरी चालक चिरडू नये यासाठी. तिच्यामुळे ट्रॅक्टर उलटून मरणाऱ्यांची संख्या झपाट्याने खाली आली. १९८० च्या दशकापासून तिथल्या जंगलात एक नवे यंत्र रुळले. चालक काचेच्या केबिनमध्ये बसतो, यंत्राचा लांब हात झाड धरतो, बुंध्याशी कापतो, फांद्या साफ करतो आणि मापाचे तुकडे पाडतो. माणसाचा पाय जमिनीला लागत नाही. पडत्या झाडाखाली सापडण्याचा धोका यामुळे फार कमी झाला. पण साखळी तुटली तर तिचा तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो, म्हणून केबिनची काच खास प्लॅस्टिकची, जाड लागते. दिवसभर दोन दांडे हलवून मान आणि खांदे धरतात, ते वेगळेच.

अमेरिकेने १९९४ साली सगळ्या लाकूडतोडीसाठी एक देशव्यापी सुरक्षा नियमावली केली. शेजारच्या दोन तोड्यांमध्ये झाडाच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर असावे, हा त्यातला एक नियम. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनेही १९९८ साली जंगल कामासाठी आपली संहिता प्रसिद्ध केली. एवढे करूनही २०२२ साली अमेरिकेत लाकूडतोडीत दर १ लाख कामगारांमागे सुमारे १०० जण कामावर मेले. सर्व धंद्यांची मिळून सरासरी ३.७ होती. तिकडची लाकूडतोड आजही निर्धोक झालेली नाही.

आपल्या रानात

आता घरच्या गोष्टीकडे. बेळगाव आणि कारवार हे जिल्हे १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते. दांडेलीचा साग, खानापूर-लोंढ्याकडचे लाकूड आणि ठाणे-डहाणूचे लाकूड एकाच सरकारच्या जंगलातले. तोडीचा लिलाव होई, ठेकेदार तो घेई आणि मुकादमामार्फत टोळी लावी. वारली आदिवासींनी १९४५ ते ४७ च्या लढ्यात गवतकापणीबरोबर जंगलतोडीच्या मजुरीचाही प्रश्न उभा केला. त्याची हकिकत गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात आहे. १९४७ साली बाळासाहेब खेरांच्या पुढाकाराने मुंबई राज्यात जंगल कामगारांच्या सहकारी संस्था सुरू झाल्या. मधला ठेकेदार जावा आणि तोडीचा नफा तोडणाऱ्याच्या हाती यावा, हा त्यांचा उद्देश. पुढे या संस्थांचे सगळे बरेच झाले असे नाही. पण मजुरी कोण ठरवतो आणि घाई कोण लावतो, हा नेमका प्रश्न त्यांनी हाती घेतला होता.

कायद्याचा रकानाही आपल्याकडे होता. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात झाडे पाडणे, ओंडके काढणे, नदीतून लाकूड नेणे आणि वणवा विझवणे या कामांचा उल्लेख होता. कामगार ठेकेदाराचा असला, तरी ज्याच्या धंद्याचे ते काम आहे त्या मूळ मालकावर जबाबदारी टाकण्याची तरतूदही त्यात केलेली होती. वखारीतल्या त्या हमालाला याचा उपयोग झाला नाही, कारण तो त्या दिवशी तिथे कामाला होता याचा पुरावा कुठे नव्हता. हजेरी मुकादमाच्या डोक्यात होती. त्याचा पाय ज्या दिवशी गेला त्या दिवसाचा एकमेव कागद म्हणजे माझ्या वडिलांची वही, आणि तिच्यात फक्त गाडी अपुरी भरल्याचे लिहिले होते. वडिलांना ही बोच शेवटपर्यंत राहिली. आपण समासात चार शब्द लिहायला हवे होते, असे ते म्हातारपणी एकदोनदा बोलले.

आज सरकारी जंगलातली तोड पुष्कळ आटली आहे. १९९६ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तर अधिकच. पण मालकी रानातली तोड चालूच आहे. गावात 'कटर' घेऊन फिरणारी दोन-तीन पोरे असतात. पायात चपला, डोक्याला टॉवेल. दर उक्ता, झाडावर किंवा टनावर. ओंडके ओढायला ट्रॅक्टर, भरायला जेसीबी. यंत्रे तिकडचीच, पण त्यांच्याबरोबर तिकडे शंभर वर्षांत साठलेले शहाणपण मात्र फारसे आलेले नाही. करवतीचा ब्रेक अडचण होते म्हणून काढून ठेवलेला मी स्वतः पाहिला आहे.

आपल्यापैकी अनेकांची गावी जमीन आहे आणि केव्हा ना केव्हा झाड विकायची वेळ येते. तेव्हा झाड पाहायला येणाऱ्याशी भावाची घासाघीस करताना चार गोष्टी विचाराव्यात. तोडणाऱ्या पोरांची नावे कागदावर आहेत का? डोक्याला शिरस्त्राण आणि पायात बूट आहेत का? करवतीचा ब्रेक चालतो का? काम उक्ते आहे की रोजाचे? तोड चालू असताना झाडाच्या दुप्पट उंचीइतके अंतर राखून उभे राहावे आणि पोराबाळांना तिकडे फिरकू देऊ नये. दवाखान्यात न्यायला गाडी जवळ असावी. एकट्या माणसाला तोडीला लावू नये. भाव शंभर-दोनशे रुपयांनी कमी आला तर येऊ द्यावा.

खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. गावाकडे आता कुऱ्हाड-कोयत्याच्या शेजारी कटरही मांडलेला दिसतो, त्यालाही झेंडूची माळ घालतात. पूजा करताना तो ब्रेक तेवढा पाहून घ्यावा. यंदा मखराला तेल लावताना मी नातवाला त्या वहीची गोष्ट सांगितली. त्याने विचारले, "आजोबा, त्या माणसाचं नाव काय होतं?" मला ते सांगता आले नाही.